बाबांच्या पायातली प्लेट

शालनला आमच्या घरी पहिल्यांदा मी आणलं. हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण पुढे आमच्याकडे तिचा विषय निघाला की आई-बाबा दोघंही असं बोलत, जणू ती आपल्या पायांनी आपल्या घरी आली आणि मी मागाहून कुठून तरी उगवले. आम्ही दोघी दिल्लीतल्या एकाच प्रयोगशाळेत, एकाच सरांच्या हाताखाली पीएचडी करत होतो. मी आधीची, ती नंतर आलेली. तिची ओळख करून देताना सर म्हणाले होते, "मंजिरी, युअर पीपल!" सर बंगाली. त्यांच्या लेखी मराठी बोलणारे सगळे एकाच चुलीवर जेवणारे. शालनचे वडील फौजेत सुभेदार, मूळ गाव साताऱ्याच्या बाजूचं, आणि तेव्हा बिऱ्हाड दिल्ली कँटोन्मेंटमध्ये. माझे बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, आणि आमचं बिऱ्हाड लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. मी घरची एकुलती एक. घरातलं सगळं प्रेम, सगळी बोलणी आणि पातेल्यातली खरवड, सगळ्याची धनीण मी एकटी. वाटेकरी असतो म्हणजे काय असतो, हे मला वयाची पंचविशी गाठेपर्यंत ठाऊकच नव्हतं.

ती क्वार्टरं आता पाडली. परवा सासरकडच्या भाचेजावयाच्या गाडीतून त्या बाजूने गेले तर उंचच उंच इमारती उभ्या, आणि आमचं घर नेमकं कुठल्या इमारतीच्या पोटात गेलं ते मला सांगता येईना. दोन खोल्या, पुढे पडवीसारखी गॅलरी, मागे हिरवळीचा तुकडा आणि त्यात सगळ्यांचा मिळून एक शेवगा. वरच्या मजल्यावर केरळचे नायर, समोर बिहारचे झा, त्यामुळे सकाळी एकाच जिन्यात खोबरेल, मोहरीचं तेल आणि आमच्या फोडणीतला हिंग असे तीन वास एकमेकांना ओलांडून जात. सकाळची सुरुवात बाबांच्या स्कूटरच्या किकने होई. हिवाळ्यात ती दहा-बारा किका मारल्याशिवाय दाद देत नसे, आणि तेवढ्यात आई आतून म्हणे, "अहो, तिला जरा तिरकी करा ना!" शाळेत आम्हाला शिकवलेलं पानिपत वेगळं आणि आमच्या घरातलं वेगळं. आमच्याकडे पानिपत म्हणजे रजया. दर दोन वर्षांनी आई-बाबा बसने पानिपतला जात आणि नव्या रजया घेऊन येत, आणि रजई उसवली की बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणत, "झालं पुन्हा पानिपत." विनोद म्हणावा असं ते एवढंच बोलत. बाकी माणूस मितभाषी. ऑफिसातून आले की पाय धुऊन बातम्या ऐकायच्या, पिठलं-भात असेल तर दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं, आणि झोपायचं.

मी डॉक्टर व्हावं असं बाबांना फार वाटे. मला मेडिकलला प्रवेश मिळाला नाही, मी भौतिकशास्त्र घेतलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी माझ्या अभ्यासाबद्दल चकार शब्द विचारला नाही. रागावले नाहीत, टोमणा मारला नाही. विचारलंच नाही. आई समजूत घाली, "पीएचडी झालीस की नावामागे डॉक्टर लागणारच आहे ना, मग?" संशोधन सुरू झालं तरी तेच. मी संध्याकाळी दमून घरी येई, बाबा बातम्यांतून लक्ष काढून विचारत, "बस मिळाली का वेळेवर?" माझ्या दिवसातलं त्यांना विचारण्यासारखं तेवढंच सापडे.

त्यांचाही दोष नव्हता. मी करत होते ते सांगायला अवघड होतं, आणि मला सांगता येत नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत एक यंत्र होतं, खोलीभर पसरलेलं, पोलादी नळ्यांचं आणि जाड काचेच्या खिडक्यांचं. त्यात धातूचा लहानसा तुकडा ठेवायचा, आतली हवा काढत राहायचं, इतकी की जवळजवळ काही उरू नये, आणि मग त्या तुकड्यावर क्ष-किरण सोडायचे. त्या माऱ्याने तुकड्याच्या अगदी वरच्या थरातले इलेक्ट्रॉन उडून बाहेर पडतात. ते किती जोराने बाहेर पडले यावरून ते लोखंडातून आले, क्रोमियममधून आले की आणखी कशातून, हे कळतं. खालच्या थरांतले बाहेर येऊच शकत नाहीत. म्हणजे वस्तूच्या अंगावरचं नुसतं वरचं पापुद्र्याएवढं सत्य कळतं, पण ते अगदी पक्कं कळतं. बोटाचा ठसा उमटला तरी यंत्र लगेच चहाडी करतं. एकदा मी बाबांना हे सांगायचा प्रयत्न केला होता. इलेक्ट्रॉनपर्यंत पोचले तेवढ्यात त्यांनी जांभई दिली. ती आलेली जांभई होती, दिलेली नव्हती, पण मी पुन्हा कधी सांगायला गेले नाही.

आणि मग तो रविवार. शालन जेवायला आली. आल्या आल्या चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात शिरली आणि आईला म्हणाली, "काकू, बाजरीचं पीठ आणलंय आईनं दिलेलं. भाकरी मी टाकते, तुम्ही बसा." आईला भाकरी थापता येत नसे. ती मुंबईत चाळीत वाढलेली, पोळ्यांची. बाबा मात्र वाईच्या पलीकडच्या एका खेड्यातले, आणि दिल्लीला आल्यापासून भाकरी त्यांना सुट्टीत गावी गेल्यावर मिळे तेवढीच. मी गॅलरीत बसून मटार सोलत होते. आतून थप थप असा आवाज यायला लागला. बाबांनी रेडिओ बंद केला. बातम्या चालू असताना माझ्या आठवणीत त्यांनी कधीच रेडिओ बंद केला नव्हता. ते उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ तिथेच उभे होते.

जेवताना त्यांनी तिला विचारलं, "काय गं, तुम्ही तिथे दिवसभर करता तरी काय?"

माझा घास हातातच राहिला. तीन वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट पाहत होते तो त्यांनी ताटावर बसून, ठेचा कालवता कालवता, तिला विचारला होता.

शालन म्हणाली, "काका, डॉक्टर आधी जीभ बाहेर काढायला सांगतो की नाही? पोटात काय बिघडलंय ते जिभेवर दिसतं. तसं आम्ही धातूची जीभ बघतो."

"धातूची जीभ!" बाबा खदखदून हसले. "बिल्कुल बरोबर. समजलं." दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी ते चार जणांना सांगितलं असणार, कारण आठवड्याने झाकाका जिन्यात मला म्हणाले, "सुना है बिटिया, आप लोहे की ज़ुबान देखती हो?"

त्या दिवसांत मला काय होत होतं त्याला मराठी शब्दसुद्धा माझ्यापाशी नव्हता. आम्ही दिल्लीत वाढलेली पोरं. घरात मराठी बोलायचो खरी, पण रोजच्या वापरातली, आणि नेमका शब्द हवा असला की हिंदीतून उसना आणायचो. मला 'जलन' ठाऊक होती. हेवा, मत्सर, असूया हे सगळे मला फार नंतर, वाचताना भेटले, आणि प्रत्येक भेटीत वाटलं, अरे, ही तर ओळखीची. आई याला पोटदुखी म्हणे, आणि तेच खरं होतं, कारण ती मला पोटातच जाणवे. शालनचे हात चांगले होते. यंत्राच्या आत लांब दांड्याच्या टोकावर तुकडा धरून सरकवायचा असतो. माझा कित्येकदा निसटून आतल्या कपारीत पडे आणि मग सगळं उघडून पुन्हा हवा काढायची, म्हणजे दोन दिवस पाण्यात. तिच्या हातून कधी पडला नाही. पंपाचा घुमणारा आवाज जरासा बदलला की ती बोलता बोलता थांबून तिकडे बघे, आणि थोड्या वेळाने काटा खरंच हललेला असे. वाचन माझं जास्त होतं, गणित माझं पक्कं होतं, पण सर येता-जाता विचारत, "व्हेअर इज शालन?" मी समोर बसलेली असताना. त्यातून ती स्वभावाने वाईट असती तर बरं झालं असतं. ती मला डब्यातला अर्धा वाटा देई, माझ्या आकृत्यांचं कौतुक करी, आणि दर रविवारी माझ्या घरी जाऊन माझ्या बाबांना भाकरी खाऊ घाली.

त्या हिवाळ्यात धुक्यात सरोजिनी नगरजवळ बाबांची स्कूटर घसरली. नडगीचं हाड मोडलं. जवळच्याच एका खाजगी नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं आणि हाडाला आधार म्हणून स्टीलची प्लेट बसवली. वर्षानुवर्षं न आजारी पडलेला माणूस, त्यामुळे सगळ्यांना वाटलं, होईल बरा दोन महिन्यांत. पण हाड काही जुळेना. जखमेच्या कडेला लाली राहिली, मग सूज, मग एका कोपऱ्यातून पाणी झिरपायला लागलं. ड्रेसिंग बदललं की पुन्हा ओलं. सर्जन म्हणाले, साखर आहे, पथ्य पाळलं नसणार. आईने ते मनाला इतकं लावून घेतलं की घरातून गूळ, साखर, केळी सगळं हद्दपार झालं. एकदा बाबांना वाटीभर शिकरण दिली होती ती आठवून ती रात्रंदिवस स्वतःला बोल लावत होती. बाबा पाय उशीवर ठेवून छताकडे बघत पडत. त्यांची नोकरीची बरीच वर्षं उरली होती आणि रजा संपत आली होती. पाय जाईल की काय, हे आम्ही तिघंही मनात म्हणत होतो आणि तोंडातून कुणीच काढत नव्हतं.

शेवटी सर्जननी ठरवलं, प्लेट काढायची, जखम स्वच्छ होऊ द्यायची, आणि मग नवी बसवायची. प्लेट काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही वॉर्डात होतो. मी आणि आई कॉटच्या एका बाजूला, शालन दुसऱ्या बाजूला स्टुलावर. वॉर्डबॉयने प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली ती प्लेट आणून बाबांच्या हातात दिली, तुमची वस्तू तुम्ही ठेवा, म्हणून. टीचभर लांबीची, भोकं पाडलेली, कडेला काळपट पडलेली पट्टी. बाबांनी ती उलटसुलट करून पाहिली. मी हात पुढे केला. मला वाटलं, ती आपोआप माझ्याकडेच येणार. धातूचा तुकडा, आजारी पडलेला, आणि मुलगी तेच शिकलेली.

बाबा दुसऱ्या बाजूला वळले. "शालन, ही तू बघ. हिची जीभ काय म्हणते ते सांग मला."

माझा हात तसाच चादरीवर राहिला. मग मी त्याच हाताने चादरीची सुरकुती नीट केली.

आज मी त्या वेळच्या बाबांपेक्षा वयाने कितीतरी मोठी आहे. आयुष्यात मला डावललं गेल्याचे प्रसंग आले, नोकरीत आले, इतरत्र आले. पण तो हात मागे घेतानाचा क्षण जितका लख्ख आठवतो तितका दुसरा कुठलाच नाही.

सरांनी परवानगी दिली, वर म्हणालेही, की घरच्या माणसाने न केलेलंच बरं. वर्कशॉपमध्ये पट्टीच्या टोकाचा तुकडा कापून घेतला आणि शालनने तो यंत्रात घातला. दोन दिवसांनी दुपारी ती आलेख घेऊन माझ्या टेबलाशी आली. सरांच्या आधी माझ्याकडे. तिचा चेहरा उतरला होता.

"मंजू, हे बघ. लोखंड केवढं आहे, आणि क्रोमियम जवळजवळ नाहीच."

स्टेनलेस स्टील गंजत नाही ते काही त्याच्या अंगच्या पुण्याईने नाही. त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो, तो त्याला राखतो. हाडात घालायच्या वस्तूवर तो थर चांगला धरावा म्हणून कारखान्यात शेवटी ती आम्लात बुडवून काढतात. शालनचं म्हणणं असं, की या प्लेटला ती आंघोळ घातलेलीच नाही. राखणदार नसलेलं स्टील शरीरातल्या खारट पाण्यात हळूहळू झिजलं आणि त्यानेच जखम धुमसत राहिली.

मी आलेख हातात घेतला आणि मला आठवतं, पहिल्यांदा मनात आलं ते बाबा नव्हतेच. मनात आलं, हिची कुठे चूक झाली असेल? मी शोधायला लागले. एकेक शिखर पाहिलं, एकेक आकडा पुन्हा मांडला. आणि मला सापडलं.

"हे सिद्ध होत नाही," मी म्हणाले. माझा आवाज नको तितका खुशीत होता. "ही प्लेट तीन-चार महिने शरीरात होती. मग काढली. मग त्यांनी ती कशात तरी धुतली, वाफेत उकळली. आज वर जे दिसतंय ते आत घालताना होतं कशावरून? कदाचित प्लेट चांगलीच होती, इन्फेक्शनने तिची वाट लावली. तू परिणामाला कारण म्हणते आहेस."

शालनने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती चिडेल. ती खुर्ची ओढून बसली. "खरंय. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मग काय करायचं?"

"त्याच कंपनीची नवी प्लेट पाहिजे. पाकिटातून काढलेली, कुणाचा हात न लागलेली."

"कुठे मिळेल?"

"मी आणते," मी म्हणाले.

त्या काळी असलं सामान बऱ्याचदा घरच्यांनाच आणून द्यावं लागे. सर्जनने नाव लिहून द्यायचं, आपण चांदनी चौकाच्या बाजूला सर्जिकल दुकानांच्या गल्लीत जायचं. मी गेले. त्याच कंपनीची, त्याच मापाची प्लेट घेतली, आणि शेजारी दुसऱ्या एका कंपनीची होती ती पण घेतली, तुलनेला. दुकानदाराने विचारलं, "दोनों टाँगें टूटी हैं क्या, मैडम?" बसमध्ये ती दोन पाकिटं मांडीवर घेऊन बसले होते आणि मनात एकच चालू होतं. नवी प्लेट चांगली निघू दे. चांगली निघाली म्हणजे शालनचं चुकलं, आणि ते मी सरांना सांगणार, आणि मग घरी जाऊन बाबांना सांगणार. माझ्या बापाच्या पायात पुढल्या आठवड्यात नेमकी हीच प्लेट बसणार होती, म्हणून ती चांगली निघावी, असंही वाटत होतं. पण दोन्ही इच्छांमध्ये कुठली पुढे होती ते विचारू नका.

दोन्ही प्लेटांचे तुकडे कापून घेतले आणि मी स्वतः यंत्रात घातले. शालन म्हणाली, "मी धरू का?" मी नको म्हणाले. त्या दिवशी माझ्या हातून काहीही पडलं नाही. हवा निघायला सकाळपासून दुपार झाली. पंप घुमत होता, खिडकीबाहेर माळी पाइपने गवताला पाणी घालत होता, आणि आम्ही दोघी एका बाकावर बसून तिच्या डब्यातली मेथीची भाजी खात होतो. मग मी क्ष-किरण सुरू केले आणि पडद्यावर रेघ हळूहळू उमटायला लागली. आधी दुसऱ्या कंपनीची. क्रोमियमचं शिखर असं छान उभं राहिलं, पुस्तकात असतं तसं. मग बाबांच्या प्लेटच्या कंपनीची. लोखंड वर चढत गेलं, चढत गेलं. क्रोमियमच्या जागी रेघ नुसती जराशी अडखळली आणि पुढे निघून गेली.

मी जागा बदलून पुन्हा घेतलं. तेच. दुसऱ्या टोकाला घेतलं. तेच. शालन मागे उभी होती. तिचं बरोबर होतं. मला वाईट वाटलं ते बाबांसाठी की हरल्याचं, मला आजही सांगता येत नाही. मी इतकंच म्हणाले, "उद्या सर्जनकडे जायला पाहिजे."

सर्जन गडबडीतला पण सरळ माणूस होता. ओपीडी संपता संपता त्यांनी आम्हाला आत घेतलं. शालनने आलेख टेबलावर पसरले आणि सांगायला सुरुवात केली. ती सोपं सांगत होती, नेहमीसारखं. पण घरच्या पाटावर जे चालतं ते तिथे चाललं नाही. ते घड्याळाकडे बघत होते.

"बेटा, ये फ़िज़िक्स की क्लास नहीं है. शरीर के अंदर महीनों रही हुई प्लेट है. ख़राब तो होगी ही. और इस कंपनी की प्लेट मैं हर हफ़्ते लगाता हूँ."

शालन अडखळली. ती माझ्यासारखी वाद घालणारी नव्हती. सुभेदाराच्या घरात मोठा माणूस एकदा बोलला की संपलं. तिने आलेख गोळा करायला हात पुढे केला.

मी म्हणाले, "डॉक्टर साहब, एक मिनट. जो आप कह रहे हैं, वही मैंने इससे कहा था. शब्द-ब-शब्द."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "आप पेशंट की बेटी हैं ना?"

"जी. पर काम इसका है. मैं इसमें ग़लती ढूँढ रही थी. बहुत ढूँढी. इसीलिए नई प्लेट ख़रीदकर लाई, सीधी पैकेट से. ये देखिए. और ये दूसरी कंपनी की." मी दोन्ही रेघा त्यांच्यासमोर एकाखाली एक ठेवल्या. "ग़लती नहीं मिली."

त्यांनी चष्मा चढवला आणि दोन्ही आलेख बराच वेळ पाहिले. मग शालनला तीन-चार प्रश्न विचारले, चांगले प्रश्न, आणि तिने चांगली उत्तरं दिली. शेवटी ते मागे रेलले. "मेरे दो और पेशंट हैं, जिनका घाव नहीं भर रहा," ते हळू आवाजात म्हणाले, आम्हाला नव्हे, स्वतःलाच. फोन उचलून त्यांनी कुणाला तरी सांगितलं, की त्या कंपनीचं सगळं सामान कपाटातून काढून बाजूला ठेवा, आणि शनिवारच्या केसला, म्हणजे बाबांना, दुसरी प्लेट मागवा. फोन ठेवून त्यांनी विचारलं, "आप दोनों बहनें हैं?"

"नहीं," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

बाहेर आल्यावर शालनने माझा हात धरला. "तू नसतीस तर मी उठून निघून आले असते," ती म्हणाली. मला काहीतरी मोठ्या मनाचं बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "चल यार, बस येईल."

दुसरं ऑपरेशन ठीक झालं. जखम सुकली. उन्हाळा सरता सरता बाबा काठी घेऊन जिना उतरायला लागले आणि पावसाळ्यानंतर काठीही सुटली. आईने तिच्या हातची पुरणपोळी केली, बाबांना अर्धीच, आणि शालनच्या आई-वडिलांना जेवायला बोलावलं. सुभेदारकाका ताठ बसून जेवले. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "या पोरीने माझा पाय वाचवला." खरंच होतं. शालन लगेच म्हणाली, "काका, मंजूनं नवी प्लेट..." पण तेवढ्यात आई तूप घेऊन आली आणि ते वाक्य तुपात गेलं. मी मान खाली घालून पोळीचा तुकडा मोडला.

शालन नंतर परदेशी गेली, नाव काढलं, आणि आता पुण्याला मुलाकडे असते. महिन्यातून एकदा आमचा फोन होतो. मैत्री आहे, जुनी आणि घट्ट. पण तिचा एखादा सन्मान झाल्याचं तिच्या तोंडून कळलं की अजून पोटात तीच जुनी कळ उठते. आधी वाटायचं, वय झालं की जाईल. गुडघे गेले, दात गेले, ही काही गेली नाही.

त्या जेवणानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवार होता, शालन त्या दिवशी यायची नव्हती. बाबा मागच्या हिरवळीवर उन्हात खुर्ची टाकून बसले होते आणि आईने दिलेलं एकुलतं एक संत्रं सोलत होते. मी खाली सतरंजीवर. काय झालं कोण जाणे, मी एकदम विचारलं, "बाबा, प्लेट माझ्याकडे का नाही दिलीत?"

त्यांना विसर पडलेला नव्हता. "तू हात पुढे केला होतास," ते म्हणाले. मग सालीचा पांढरा दोरा ओढून काढला. "पाय जाणार असं त्यातून निघालं असतं, तर तू मला सांगितलं असतंस?"

मी सतरंजीवरचं गवताचं पातं उचलून बाजूला टाकलं.

"नसतं सांगितलंस. एकटीच घेऊन फिरली असतीस. तुला मी ओळखतो. तिने सांगितलं असतं. म्हणून तिला दिली."

"आणि माझं काम? ते पण तुम्ही तिलाच विचारता."

"अगं, तुझंच विचारतो की," बाबा चकित होऊन म्हणाले. "तुला विचारायला मला संकोच वाटतो. एकदा तू सांगत होतीस आणि मला जांभई आली. तुझा चेहरा पाहिला मी तेव्हा. म्हटलं, आपल्याला यातलं कळत नाही, उगाच पोरीला दुखवायला नको. ती आली की तुझं काय चाललंय ते तिच्याकडून समजून घेतो. ती रविवारी भाकरी टाकते तेव्हा आमचा तोच विषय असतो."

मला रडू यायला हवं होतं. आलंही असेल थोडं. पण खरं सांगायचं तर त्याही वेळी वाटलं ते हे, की माझीच गोष्ट, आणि ती सांगायला मिळाली तिला.

बाबा म्हणाले, "बरं, आता तू सांग. सावकाश सांग. जांभई आली तरी थांबू नकोस."

मी सांगितलं. हवा काढण्यापासून सुरुवात केली, क्ष-किरण, इलेक्ट्रॉन, माझ्या प्रबंधातले ते पातळ थर, सगळं. ऊन सरकत सतरंजीच्या पलीकडे गेलं. बाबा हनुवटीला हात लावून ऐकत होते आणि मधूनमधून "अच्छा, अच्छा" म्हणत होते. जांभई आली नाही. मी थांबले तेव्हा त्यांनी समाधानाने मान हलवली.

"आलं लक्षात," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "थोडं थोडं. राहिलेलं शालनला विचारून घेतो."

मी उठले, त्यांच्या हातातलं सोललेलं संत्रं काढून घेतलं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सगळ्या फोडी एकटीने खाऊन टाकल्या.